केनियातल्या दूध सोसायटीला मदत करताना कूलर (दूध थंड करायची टाकी) सर्वांत शेवटी द्या

आपल्याकडे डेअरीला दूध घातलं की फॅट किती लागली, डिग्री किती आली, हे आधी विचारतात. केनियातल्या बहुतेक सोसायट्या अजून नुसत्या लिटरवर किंवा किलोवर पैसे देतात. त्यामुळे तिथे दूध घ्यायचं की परत पाठवायचं, हे बरंचसं लॅक्टोमीटरवर, म्हणजे दुधाची घनता मोजायच्या साधनावर ठरतं, आणि चांगल्या दुधावर अन्यायही तिथेच होतो.

लॅक्टोमीटर २० अंश सेल्सिअसच्या दुधासाठी जुळवलेला असतो. दूध त्याहून गरम असेल तर रीडिंगमध्ये दर अंशाला ०.२ मिळवावे लागतात. २७ अंशांच्या दुधाचं रीडिंग २७ आलं, तर खरं रीडिंग २८.४. किमान २८ चा नियम असेल तर हे दूध पास आहे. थर्मामीटर नसलेला माणूस मात्र ते पाणी घातलेलं म्हणून परत पाठवतो. शेतकरी एकदा असा दुखावला की परत येत नाही. उलट, साय काढून पाणी घातलेलं दूध लॅक्टोमीटरला बरोबर चकवतं. म्हणून मदत द्यायचीच तर आधी थर्मामीटर आणि फॅट काढायचं गर्बर यंत्र द्या.

दूध आंबलंय का हे पाहायच्या अल्कोहोल चाचणीचंही तेच. २ मिली दूध, तेवढंच ७० टक्के अल्कोहोल. कणी धरली की दूध नाकारतात. पण कणी आंबटपणानेच धरते असं नाही, चिकाच्या किंवा कासदाह झालेल्या गाईच्या दुधानेही धरते. हे शेतकऱ्याला तिथल्या तिथे सांगायला हवं. अरुंद तोंडाचे प्लास्टिकचे कॅन तर बंदच करावेत: हात आत जात नाही, ओरखड्यांत जुनं दूध राहतं.

कूलरचं माप हमखास चुकतं. ३००० लिटरच्या टाकीत ३०० लिटर दूध पडलं तर ते ढवळणीच्या पात्यापर्यंत पोचतच नाही. तळाचं गोठतं, वरचं कोमट राहतं, आणि जनरेटरच्या डिझेलचा सगळा खर्च तेवढ्याशा दुधावर पडतो. कोरड्या महिन्यांतलं दूध मोजा आणि त्या मापाची टाकी घ्या. पावसात दूध वाढलं तर शेजारी दुसरी लहान टाकी लावता येते.

संध्याकाळचं दूध सोसायटीऐवजी मोटरसायकलवरच्या हॉकरकडे, म्हणजे फिरत्या दूधवाल्याकडे जातं. तो रोख देतो, सोसायटी महिन्याने. शेतकऱ्याला बेईमान ठरवण्याआधी त्याच्या घरखर्चाचा विचार करा. यावर तिथला उपाय म्हणजे ‘चेक-ऑफ’: पशुखाद्य, कृत्रिम रेतन, डॉक्टर उधारीवर, कपात दुधाच्या पैशांतून. किआंबू काउंटीतली १९६१ सालची गिथुंगुरी सोसायटी, ‘फ्रेशा’ नावाने दूध विकणारी, सभासदांना असं खाद्य देते.

पण उधारीला मर्यादा हवी. महिन्याच्या दुधाच्या पैशांच्या निम्म्यावर कपात गेली, की सभासदाचं दूध शेजाऱ्याच्या सभासद नंबरावर पडू लागतं, आणि वहीत एकाची उधारी तशीच राहून दुसऱ्याचं दूध वाढलेलं दिसतं. सचिवाने दर आठवड्याला सभासदवार दूध आणि उधारी शेजारी मांडली, तर हे पहिल्याच महिन्यात कळतं.