काकांचे शेअर, पाच सेक्टर आणि एक पाऊस

लातूरला काकांचं कृषी सेवा केंद्र होतं. ज्या कंपन्यांचा माल विकला त्यांचेच शेअर ते घेत गेले. खतामुळे कोरोमंडल, फवारणीच्या औषधांमुळे यूपीएल. पुढे महिंद्रा, एस्कॉर्ट्स, ट्रॅक्टरला कर्ज देते म्हणून महिंद्रा फायनान्स आणि एक साखरेचा शेअर. दुकान बंद केल्यावर त्यांनी मला विचारलं, "पैसा एकाच ठिकाणी अडकलाय का बघ." ॲपमधल्या गोल चित्रात तर पाच रंग होते, म्हणजे पाच सेक्टर, धंद्यांचे पाच गट. पण दुसऱ्या ॲपवर त्याच शेअरांच्या सेक्टरांची नावं वेगळी. एकात खतं ‘केमिकल्स’मध्ये, दुसऱ्यात ‘मटेरियल्स’मध्ये.

मग ॲप बाजूला ठेवलं. डिमॅटचं, म्हणजे शेअर ठेवायच्या खात्याचं, एकत्रित स्टेटमेंट ईमेलला येतं, त्यातली नावं वहीत उतरवली आणि एकेक कंपनी एनएसई या शेअर बाजाराच्या साइटवर उघडली. तिथे प्रत्येक कंपनीपुढे चार पायऱ्यांची वर्गवारी असते. सगळ्यात वर 12 मोठे आर्थिक गट, त्याखाली 22 सेक्टर, मग 59 उद्योग आणि तळाशी 197 मूळ उद्योग. दुसऱ्या ॲपचा ‘मटेरियल्स’ जीआयसीएस या जागतिक वर्गवारीतला निघाला. ती एमएससीआय आणि एस अँड पी या निर्देशांक बनवणाऱ्या कंपन्यांनी 1999 मध्ये आणली, तिच्यात सेक्टर 11. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, फक्त एकाच कागदावर मिसळायच्या नाहीत. मी एनएसईची धरली.

महिंद्रापाशी मात्र अडकलो. देशात सर्वात जास्त ट्रॅक्टर विकणारी कंपनी, पण तळाची पायरी म्हणते ‘पॅसेंजर कार आणि युटिलिटी व्हेइकल’. एस्कॉर्ट्स कुबोटा मात्र ‘ट्रॅक्टर’, आणि तोही ऑटो सेक्टरमध्ये नाही, ‘कॅपिटल गुड्स’मध्ये, म्हणजे यंत्रसामग्रीत! काका वैतागले. "म्हणजे शेजारी उभे असलेले दोन ट्रॅक्टर दोन गावचे?"

उत्तर वार्षिक अहवालात मिळालं. मागच्या पानांत विभागवार आकडे असतात, कुठल्या धंद्यातून किती विक्री आणि किती नफा. महिंद्राची गाड्यांची विक्री ट्रॅक्टरपेक्षा मोठी आहे, आणि शिक्का लावताना मुख्यतः विक्रीचा मोठा वाटा कुठून येतो ते बघतात. रुपयामागे नफा ट्रॅक्टरमध्ये जास्त सुटतो, त्याला इथे मान नाही. रिलायन्सचंही तसंच: जिओ आणि दुकानं कितीही दिसोत, कंपनी ‘रिफायनरी’तच बसते. नियम वाईट नाही. कंपनीला एकच घर द्यायचं तर कुठेतरी रेघ ओढावी लागणारच, आणि विक्रीचा आकडा नफ्यापेक्षा कमी हेलकावे खातो. रेघसुद्धा कायमची नसते. 2023 मध्ये जीआयसीएसनं व्हिसा आणि मास्टरकार्ड आयटीतून उचलून वित्तीय सेवांत टाकल्या. धंदा तोच, घर बदललं.

साखर पाहून काका हसले. ती एफएमसीजीत, म्हणजे साबण-बिस्किटांच्या पंक्तीला. साबण बारा महिने खपतो. ऊस मात्र पाण्यावर. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा आमच्या भागात उसाचं काय झालं हे काकांना सांगायची गरज नव्हती.

तिथंच मला वहीत आणखी एक रकाना आखावासा वाटला. सेक्टरपुढे लिहिलं, ‘पाऊस नाही आला तर?’ खत कमी उठेल. फवारणी कमी. ट्रॅक्टर पुढच्या वर्षावर. कर्जाचे हप्ते थकणार. साखरेच्या कंपनीचे कारखाने उत्तर प्रदेशात, तिथला ऊस बराचसा सिंचनाच्या पाण्यावर, म्हणून तिथे प्रश्नचिन्ह. महिंद्रापुढे ‘अर्धं’ लिहिलं, कारण शहरातल्या गाड्यांचा ग्राहक वेगळा. पाच सेक्टर खरेच होते, पण बहुतेक सगळे एकाच ढगाकडे बघत बसलेले. सेक्टर कंपनी काय विकते ते सांगतो. तिचा ग्राहक कशानं आडवा होतो, हे तो सांगत नाही, आणि त्यानं ते सांगावं अशी अपेक्षाही चुकीची.

काकांनी रकाना वरपासून खालपर्यंत वाचला. "दुकान बंद केलं म्हणायचं, पण चालूच ठेवलंय की मी." खताचा शेअर विकायला ते तयार नव्हते, माल ओळखीचा म्हणून. महिंद्रा फायनान्समधला निम्मा काढला, आणि यापुढचा लाभांश शेतीशी संबंध नसलेल्या इंडेक्स फंडात घालायचं म्हणाले. त्यावर मी सांगितलं, सगळ्या बाजाराचा फंड घेतला तर शेती पूर्ण सुटणार नाही. पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निफ्टीच्या फंडातही महिंद्रा आहेच.

"असू दे," काका म्हणाले, "तिथं तो पन्नासातला एक आहे."