दाब शिकवायला गेलो आणि बाटलीने फजिती केली

सातवीतल्या भाचीला आणि तिच्या धाकट्या भावाला दाब समजावायचं काम माझ्या गळ्यात पडलं, म्हटलं दहा मिनिटांचा विषय आहे. सुरुवात झकास झाली. टोक केलेली पेन्सिल दोन तर्जन्यांमध्ये आडवी धरून हळूच दाबायला लावली, जोर दोन्हीकडे सारखाच, पण टोकाकडचं बोट लगेच हुळहुळलं. बोटावरचा काळपट ठिपका बघत धाकटाच म्हणाला, जोर तेवढाच, जागा कमी म्हणून जास्त टोचतं. सूत्र लिहायची गरजच पडली नाही.

मग काढली बाटली. 4, 12 आणि 20 सेंमी उंचीवर तीन भोकं, 24 सेंमीपर्यंत पाणी, बाथरूमच्या फरशीवर ठेवली आणि मी आधीच सांगून टाकलं की सगळ्यात खालची धार सगळ्यात लांब जाणार कारण चित्रात कायम तसंच असतं. चिकटपट्टी काढली तर मधलीच धार लांब गेली, वरची आणि खालची जवळजवळ एकाच जागी पडल्या. भाची म्हणाली, "मामा, तू उलटं सांगितलंस." आधी मी भोकांनाच दोष दिला (मोठ्यांची सवय).

दुसऱ्यांदा भरून नीट बघितलं तेव्हा ट्यूब पेटली. खालच्या भोकावर 20 सेंमी पाणी आहे, वरच्यावर फक्त 4, म्हणजे पाण्याचा दाब पाचपट, त्यामुळे खालची धार सुटते जोरातच, पण फरशी इतकी जवळ की लांब जायला वेळच मिळत नाही, लगेच खाली आपटते. मग बाटली उलट्या बादलीवर ठेवली आणि मग मात्र खालची धार सगळ्यांच्या पुढे. चित्रं काढणाऱ्यांनी बाटली जरा उंचावर दाखवावी की राव!

शेवटी फक्त खालचं भोक उघडं ठेवून झाकण घट्ट लावलं, थोडं पाणी येऊन धार बंद. आत हवा जात नाही आणि बाहेरची हवा भोकातून पाण्याला दाबून धरते. नखाएवढ्या जागेवर साधारण एक किलो वजनाइतका हवेचा दाब असतो म्हटल्यावर धाकटा स्वतःच्या नखाकडे बघत बसला, मग म्हणाला, "मग आपण चपटे का नाही होत?" आपल्या आतूनही तेवढाच दाब बाहेर ढकलतो असं सांगितलं, पण तोवर त्याने झाकण उघडलं होतं आणि धार थेट माझ्या पायावर.