न ओढणाऱ्याचे पाईप

मी तंबाखू ओढत नाही, मळतही नाही. तरी कपाटात जुने पाईप आहेत. येणाऱ्याजाणाऱ्याला हे काही केल्या पटत नाही. जुन्या तलवारी जमवणाऱ्याला मात्र कुणी विचारत नाही, की लढाई कधी?

खरी मजा भिंग हातात घेतल्यावर येते. आल्फ्रेड डनहिलने 1907 साली लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर तंबाखूचं दुकान थाटलं आणि पुढे स्वतःचे पाईपही करायला घेतले. त्यांच्या नळीवर एक पांढरा ठिपका असतो. नळीची वरची बाजू कुठली हे गिऱ्हाइकाला कळावं, एवढ्यासाठीच तो लावलेला. आज त्या ठिपक्याकडे पाहून लोक पाकीट बाहेर काढतात! लाकडावर ‘मेड इन इंग्लंड’च्या पुढे एक बारीक आकडा ठोकलेला असतो. साठनंतरच्या पाईपांत तो 1960 मध्ये मिळवायचा. 15 असेल तर पाईप 1975 चा. आधीच्या मालकाने हौसेने पॉलिश मारमारून आकडाच घासून टाकला असेल, तर मग बसा डोकं खाजवत.

जुन्या पाईपांची नळी बहुतेक इबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची. उजेडात राहून ती हिरवट-तपकिरी पडते आणि घासायला घेतली की गंधकाचा वास सुटतो. तोंडात धरायच्या टोकाला दातांचे खळगे असतात. बेताची ऊब दिली की रबर फुगून ते बरेचसे भरून येतात, आणि विकणारे हे हटकून करतात. मी करत नाही. कुणीतरी वर्षानुवर्षं त्याच दाताखाली तो पाईप धरून हिशेब तपासले असतील, बायकोचं बोलणं ऐकून घेतलं असेल. ते मी कशाला पुसू?

बाजाराचा न्याय उलटा. कधीच न पेटवलेल्या पाईपाला भाव जास्त. म्हणजे ज्याने आयुष्यात काम केलं नाही त्याचा मान मोठा. मर्यादित आवृत्तीचं तर विचारूच नका: चांदीचं कडं, मखमली डबी, अंगावर क्रमांक. दुर्मीळ व्हायला पूर्वी पाईपाला हरवावं लागे, फुटावं लागे. आता कारखान्यातूनच तो दुर्मीळ होऊन येतो. डब्लिनच्या पीटरसनचा जुना ‘सिस्टम’ पाईप मला त्याहून प्यारा. 1890 च्या पेटंटचा, दांड्यातच धुराचं पाणी साठायला खोलगट जागा केलेला. त्यात डोकं चालवलेलं दिसतं.

या न्यायाला पुरून उरतो तो मीरशॉम. तुर्कस्तानात एस्कीशेहिरला निघणारा हा मऊ, पांढरा दगड ओला असताना कोरतात. मग फेटेवाले सुलतान, दाढ्या, काय वाटेल ते. ओढत गेलं की तो हळूहळू मधासारखा पिवळा, पुढे तपकिरी होतो, आणि तो रंग चढावा म्हणून लोक वर्षं घालवतात. माझा सुलतान अजून खडूसारखा पांढराफटक आहे. एका धूम्रपानी मित्राने तो रंगवून द्यायची तयारी दाखवली आहे. अट एकच, तंबाखूचा खर्च माझा.