तुम्ही विचारलंत म्हणून: मागे बसून मी काय लिहिते?

मुलांच्या वर्तनावर संशोधन करते म्हटल्यावर सोलापुरातल्या शाळांत मला हमखास विचारतात, "मॅडम, तुम्ही तासन्‌तास मागे बसून काय लिहिता?" परवा एका आईनंही विचारलं, म्हणून सांगते.

माझ्या वहीत तीन रकाने असतात: आधी काय झालं, मुलानं काय केलं, नंतर काय झालं. खोडकर, मठ्ठ, हट्टी हे शब्द त्यात लिहीत नाही. तिसरीतला एक मुलगा रोज शेजाऱ्याला ढकलायचा. पंधरा दिवसांच्या नोंदी वाचल्यावर दिसलं, की फळ्यावरचं उतरवून घ्यायला सांगितलं की तो ढकलतो, मग त्याला बाहेर उभं करतात आणि लिहायचं टळतं. त्याला जोडाक्षरं येत नव्हती. ते सांगण्यापेक्षा बाहेर उभं राहणं त्याला सोपं वाटत होतं.

पण मला जास्त शिकवलं ते पूर्व भागातल्या पहिलीतल्या एका मुलीनं. घरी तेलुगू, वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. वर्गात ती बोलतच नाही, अशी तक्रार होती. मी तिच्यासमोर दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घेतलं आणि एका पेल्यातलं उंच, अरुंद पेल्यात ओतलं. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांचा हा प्रसिद्ध प्रयोग. या वयाची बरीच मुलं उंच पेल्यात पाणी जास्त आहे म्हणतात. ती हळूच म्हणाली, "सारखंच." मी सवयीनं म्हटलं, "नक्की? परत बघ." तिनं पाण्याकडे पाहिलंच नाही, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि उंच पेल्यावर बोट ठेवलं.

पियाजेंच्या पद्धतीत तोच प्रश्न ओतण्याआधी आणि ओतल्यानंतर असा दोनदा विचारतात. सुझन रोझ आणि मॅरियन ब्लँक या संशोधकांनी १९७४ मध्ये पाण्याऐवजी सोंगट्यांच्या दोन ओळी मांडल्या आणि ओळीची मांडणी बदलल्यानंतर फक्त एकदाच प्रश्न विचारून पाहिला, तेव्हा सहा वर्षांच्या मुलांच्या चुका कमी झाल्या. मोठ्यांनी परत विचारलं म्हणजे आपलं चुकलं, हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. आपल्या वर्गांत तर ते रोज घडतं. उत्तर बरोबर आलं की "शाब्बास" म्हणून बाई पुढे जातात, चुकलं तरच "नक्की?" विचारतात.

पुढच्या आठवड्यात तिच्या घरी गेले. आई मांडीवर सूप घेऊन बसली होती. पाणी ओतल्यावर तिनंच तेलुगूत विचारलं, एकदाच. पोरगी विडीला दोरा गुंडाळत म्हणाली, "रेंडू ओकटे." दोन्ही सारखंच. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, ओतलंच तर आहे, कुणी प्यायलं कुठं?

एका मुलीवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे मला कळतं. पण आता मी शिक्षकांना एवढं सुचवते, की बरोबर उत्तरालाही विचारा, "तुला कसं कळलं?"

आणि पहिल्या दिवसाचं तिचं पान मी जपून ठेवलंय. त्यावर "आधी काय झालं" या रकान्यात लिहिलंय: मी परत विचारलं.