दहा पावलांवरून

घरच्या घरी रोलरने गाडी रंगवणार आहे, असं कुणाला सांगून बघा. समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी हसू येतं आणि मागोमाग काळजी. रोलर भिंतीला, स्प्रे गाडीला, ही वाटणी आपल्या डोक्यात इतकी पक्की बसली आहे की ती मोडणारा माणूस एक तर कंजूष वाटतो, नाही तर हट्टी. दोन्हीत थोडं तथ्य असेलही. पण गाडीला हाताने रंग देणं हा काही आजचा उद्योग नाही.

सुरुवातीच्या मोटारी घोडागाड्यांसारख्या ब्रशनेच रंगवल्या जात. तेलाच्या व्हार्निशचा एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा हात द्यायचा. यात आठवडेच्या आठवडे जात. १९२३ साली जनरल मोटर्सने आपल्या ओकलंड गाड्यांवर ड्यूपॉन्ट या रसायन कंपनीचं 'ड्युको' हे झटपट वाळणारं नवं लॅकर वापरलं आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. हे लॅकर फवारून बसायचं. फवाऱ्याचं राज्य आलं ते असं, कारखान्याच्या घाईपोटी. दारात उभ्या असलेल्या जुन्या गाडीला कसली घाई?

फवारा उधळ्याही असतो. जुन्या पद्धतीच्या स्प्रेगनमधून निघालेला निम्म्याहून अधिक रंग पत्र्यावर बसतच नाही. तो हवेत जातो, जमिनीवर बसतो, शेजारच्या वाळत घातलेल्या कपड्यांवरही. शिवाय कॉम्प्रेसर हवा, बंदिस्त जागा हवी. हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारं रसायन, घालून मारायचे जे रंग असतात त्यांत आयसोसायनेट असतं, त्याच्या वाफेने दम्यासारखा विकार जडू शकतो. ते घरी फवारू नयेत, एवढंच सांगतो. रोलरला लागतो साधा इनॅमल, लोखंडी फाटकाला देतात त्या जातीचा, चार इंचांचा बारीक स्पंजाचा रोलर, थिनर आणि भरपूर पॉलिश पेपर. दाराखिडक्या उघड्या ठेवल्या आणि मास्क लावला की सुरुवात करता येते.

सुरुवात रंगाने होत नाही, हे मात्र कुणी आधी सांगत नाही. सुरुवात होते घासण्याने, मध्यही घासण्यातच जातो आणि शेवटही. साबणाने धुवायचं, थिनरच्या फडक्याने पुसायचं, कारण जुन्या पॉलिशमधलं सिलिकॉन पत्र्यावर राहिलं की नव्या रंगात बारीक बारीक खळगे पडतात. मग पेपर. घासायला बसलं की गाडी बोलायला लागते. वरचा रंग जातो, खाली दुसराच निघतो, त्याखाली राखाडी अस्तर (प्रायमर), कुठे लांबीचा, म्हणजे खळगे भरायच्या पुट्टीचा, गुलाबी थर. मागच्या मडगार्डमध्ये लांबी इतकी जाड निघते की तिथे कधी काळी काय झालं असेल याचा अंदाज करत बसावं. आधीच्या मालकाने जे सांगितलं नाही ते पत्रा सांगतो. गाडी विकत घेण्याआधी असं घासून बघायची मुभा मिळायला हवी होती.

गंजाशी तडजोड करू नये. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो, म्हणून वरून रंगवून झाकलेला गंज फुगतो आणि पुढच्या पावसाळ्यात फोड घेऊन वर येतो. चकचकीत पत्रा लागेपर्यंत खरवडायचं, कानाकोपऱ्यात राहिलेल्यावर गंज थोपवणारं द्रावण लावायचं, मग अस्तर. दाराचा खालचा काठ आणि चाकावरची कमान या गंजाच्या आवडत्या जागा. तिथे बोट फिरवून बघावं. डोळ्याला सपाट दिसतं ते बोटाला खडबडीत लागतं, आणि या कामात बोटाचंच ऐकावं.

एवढं झाल्यावर रोलर हातात येतो आणि पहिला हात बघून धीर सुटतो. रंग इतका पातळ करायचा असतो की ढवळायच्या काडीवरून त्याची सलग धार पडावी. तो पत्र्यावर फिरवला की खालचं सगळं दिसत राहतं. ठिगळं, पट्टे, जुना रंग. नेमका इथेच जाड हात द्यायचा मोह होतो. इनॅमल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो, त्यामुळे जाड थराला वरून साय धरते आणि आत तो ओलाच राहतो. उभ्या पत्र्यावर ओघळ उतरतात ते वेगळे. म्हणून पातळ हात, वाळवण, पुन्हा पातळ हात. दोन-तीन हात झाले की वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलकं घासायचं आणि पुन्हा रोलर. पाचव्या-सहाव्या हातापर्यंत रंग कुठे भरल्यासारखा दिसू लागतो. उन्हात तापलेल्या बॉनेटवर रोलर फिरवू नये. रंग पसरायच्या आधीच सुकतो आणि रोलरमागे ओढला जातो. संध्याकाळी दव पडायच्या आतही आवरतं घ्यावं, नाहीतर चकाकी मरते. आणि हो, तेलरंगाने भिजलेली फडकी चुरगाळून ढिगात टाकू नका. तेल सुकताना उष्णता सुटते आणि असा ढीग आपोआप पेटू शकतो. पसरून वाळवावीत.

रोलरची खूण म्हणजे पृष्ठभागावर उठणारी बारीक खडबड, जिला रंगारी संत्र्याची साल म्हणतात. ती फवाऱ्यालाही कधीकधी येते, रोलरला मात्र हमखास. होड्या रंगवणारे त्यावर एक युक्ती करतात: एकाने रोलर फिरवायचा आणि दुसऱ्याने लगेच मागून मऊ ब्रशचं टोक अलगद ओढत न्यायचं. बुडबुडे फुटतात, रंग बसतो. दुसरा माणूस मिळाला तर उत्तमच. न मिळाल्यास शेवटी बारीक, आणखी बारीक वॉटर पेपर आणि मग पॉलिश. खांदे भरून येतात, पण साल जाते.

मला विचाराल तर ती सगळी घालवू नये. चकाकी जितकी जास्त तितके पत्र्यातले पोचे जास्त उठून दिसतात, गडद रंगात तर फारच. जुन्या गाडीचा पत्रा कधीच आरशासारखा सपाट नसतो, मग त्यावर आरसा कशाला चढवायचा? अर्धवट मंद चकाकीचा फिका रंग पुष्कळ काही पोटात घालतो. पहिल्या लँड रोव्हर १९४८ साली आल्या तेव्हा युद्धातून उरलेल्या हिरव्या रंगातच त्या निघाल्या, आणि त्या रंगाला आज शोभा मानतात. मेटॅलिक रंगाच्या नादी मात्र लागू नये. त्यातले ॲल्युमिनियमचे बारीक कण रोलरखाली कसेही बसतात आणि गाडीभर ढग उमटतात. साधा, एकसारखा रंग घ्यावा. गाडीच्या नोंदणीच्या कागदांवर रंग लिहिलेला असेल तर रंग बदलण्याआधी तो कागदही बघून घ्यावा.

रोलरने रंगवलेली गाडी दहा पावलांवरून बघावी, असं तिचे टीकाकार म्हणतात. म्हणू देत. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या आपण त्याहून लांबूनच बघतो. फरक पडतो तो मालकाला. कारखान्यातला रंग सगळे थर धरूनही सहसा मिलिमीटरच्या पाचव्या भागापेक्षा जाड नसतो, पण त्यावर पडलेला केसाएवढा ओरखडा माणसाची झोप उडवतो. गाडी लावताना दोन्हीकडची जागा मोजायची, शेजारच्या दाराकडे संशयाने बघायचं, पोरांच्या सायकलींवर डोळा ठेवायचा, हे सगळं त्या चकाकीचं भाडं. रोलरवाल्याकडे उरलेल्या रंगाचा डबा असतो आणि तो रंग कसा चढवायचा हे त्याला ठाऊक असतं. ओरखडा पडला तर सुट्टीच्या दिवशी पेपर आणि छोटा रोलर. ठिगळ थोडं गडद दिसतं. दिसू दे.

फक्त दारांच्या आतल्या बाजूचं काय करायचं, यावर रोलरवाल्यांचं एकमत होत नाही. दार उघडलं की चौकटीत जुना रंग दिसतो आणि गाडीचं गुपित फुटतं. काही जण बिजागऱ्यांपर्यंत ब्रश घालून तोही झाकतात. मी म्हणेन, राहू द्यावा. तिथे रंगाचा थर चढला की दार रबराला चिकटतं, आणि ते जोराने ओढलं की नवा रंगच पोपडा धरून निघतो.