कॅनच्या रबराखालची बुळबुळ
भूम तालुक्यात माझं दूध संकलन केंद्र आहे. गेल्या उन्हाळ्यात डेअरीकडून रोज एकच निरोप यायचा: एमबीआरटीत, म्हणजे दुधातले जंतू तपासायच्या चाचणीत, मिथिलीन ब्लूचा निळा रंग लवकर उडतोय, दुधात जंतू फार आहेत. मी तर रोज कॅन क्लोरीनच्या पाण्यानं विसळत होतो. मग संशय गोठ्यांवर घेतला. दोन शेतकऱ्यांना चारचौघांत बोललो.

भाची लातूरला सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. ती सुट्टीत आली आणि झाकणाचं रबर काढून खाली बोट फिरवलं. "मामा, ही बुळबुळ बघा. जंतूंनी स्वतःभोवती बांधलेलं घर आहे हे. बायोफिल्म म्हणतात."

जाताना तिनं त्या बुळबुळीचा कापसाचा बोळा नेला. ते जंतू तिनं नळ्यांत वाढवले: नुसत्या मिठाच्या पाण्यात, निर्भेळ दुधात आणि दहापट पाणी घातलेल्या दुधात. नळ्या धुऊन, चिकटून राहिलेला थर दिसावा म्हणून जांभळा रंग घातला, तर सगळ्यांत गडद कडं पातळ दुधाच्या नळीत! मला वाटलं होतं, जितकं खायला जास्त तितका थर जाड. ती म्हणाली, तसं सरळ नसतं; काही जंतू साखर मिळाली की जास्त चिकटतात, काही अन्न कमी पडलं की भिंत धरून बसतात.

माझ्या डोक्यात लख्ख झालं. टँकरचं पाणी पुरवायचं म्हणून मी कॅन दोन तांब्यांत विसळायचो. म्हणजे रोज पातळ दुधाचाच हात देत होतो! वर ते पाणी बोअरचं, जड. त्यातलं आणि दुधातलं कॅल्शियम थराला आणखी घट्ट करतं. क्लोरीन तर त्या दुधावरच खर्ची पडायचं, जंतूंपर्यंत पोचायचंच नाही.

मग क्रम बदलला. दूध ओतलं की लगेच कोमट पाणी. आधी उकळतं घातलं तर प्रथिनं स्टीलला धरतात. नंतर कॉस्टिक सोड्याचं गरम पाणी नि ब्रश, रबर वेगळं काढून. (ॲल्युमिनियमच्या कॅनला कॉस्टिक लावू नका, धातू खातं.) आठवड्याला एकदा सौम्य नायट्रिक ॲसिड, मग ते चांगलं धुऊन टाकायचं. क्लोरीन सगळ्यांत शेवटी. एका कॅनचं शेवटचं पाणी पुढच्याला पहिलं वापरतो, म्हणून टँकर पुरतो. चिरलेली रबरं टाकून दिली.

तरी निकाल सुधारेना. शेवटी दूध गार करायच्या कूलरचा खालचा व्हॉल्व्ह खोलला, तर आत तीच बुळबुळ. तो साफ केल्यावर निळा रंग टिकायला लागला.

त्या दोघांच्या घरी जाऊन चूक कबूल केली. एकानं चहा ठेवायला सांगितला. दुसरे अजून दूध घालायला आलेले नाहीत.