सिरीज बोर्डचा पिवळा बल्ब

मे महिना, बाहेर 45 डिग्री, आणि नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या वर्गात कूलर रिपेअरिंगची बॅच सुरू. अकरा जण, त्यात दहा विशीतली पोरं आणि एक ताई, चाळिशीच्या पुढच्या. नवऱ्याला पॅरॅलिसिस झालेला, त्यांचं कूलर दुरुस्तीचं दुकान ऐन सीझनमध्ये बंद, म्हणून त्या शिकायला आल्या.

त्या दिवशी सगळ्यांना तीन वायरची मोटर जोडायला दिली होती. ताईंनी स्विच टाकला आणि फाट करून आवाज झाला, एमसीबी, म्हणजे शॉर्ट झाला की आपोआप पडणारा स्विच, पडली, कूलर बंद, पोरं हसायला लागली आणि मीही वैतागून बोलून गेलो, ताई नुसतं बघत जा ना आधी, हात कशाला लावता. त्यांनी पेचकस टेबलावर ठेवला तो परत उचललाच नाही, तासभर हात मांडीवर घेऊन बसल्या. मला ते फार लागलं. शिकायला आलेल्या माणसाला हात लावू नका म्हटल्यावर तो शिकणार कसा?

चूक पाहिली तर एवढीशी. वायर सोलल्यावर तांब्याच्या तारा पिळल्या नव्हत्या, फेजची एक तार शेजारच्या न्यूट्रलच्या स्क्रूला टेकलेली. आणि नवशिक्यांना थेट लाईनवर मोटर जोडायला देणं, ही त्याहून मोठी चूक माझी होती.

जेवणाच्या सुट्टीत सिरीज बोर्ड बनवला. होल्डर, 100 वॅटचा जुना पिवळा बल्ब, सॉकेट, स्विच, बस. फेज बल्बमधून जाऊन मग सॉकेटला येते, त्यामुळे पुढे शॉर्ट असला तरी करंट बल्बच अडवतो, तो फुल पेटतो आणि काही जळत नाही. शॉक मात्र यातही लागतो, म्हणून प्लग काढल्याशिवाय वायरला हात लावायचा नाही, हे दोनदा बजावलं.

ताईंना म्हटलं, सकाळचीच जोडणी लावा, तशीच. त्या घाबरल्या, पण लावली. बल्ब लख्ख पेटला.

"सर, हे चुकलं न? पण फुटलं कसं नाही?"

प्लग काढून त्या वाकून बघायला लागल्या, मी गप्प राहिलो, पोरांनाही बोलू दिलं नाही. दोन-तीन मिनिटं लागली असतील. मग त्यांनीच ती तार शोधली, आणि देवाची वात वळतात तशी दोन बोटांत वायर वळली, एकही तार बाहेर नाही. इतकी नीट पिळलेली वायर माझ्या जुन्या पोरांकडेही पाहिली नव्हती.

मग मीटर हातात दिला. तीन वायर, दोन-दोनमध्ये ओहम, म्हणजे करंटला होणारा विरोध, मोजायचे, ज्या जोडीत सगळ्यात जास्त येतील त्या दोन कॅपॅसिटरला (मोटर सुरू व्हायला लागतो तो), उरलेली कॉमन, म्हणजे आतल्या दोन्ही गुंडाळ्यांची सामाईक. रंगांवर भरवसा ठेवायचा नाही, कंपनीगणिक बदलतात. त्यांनी प्रत्येक जोडी दोनदा मोजली, वहीत लिहिली. घाई मी केली नाही. या वेळी बल्ब मंद पेटला आणि मोटर हळूहळू फिरायला लागली.

"फिरून राहिली सर!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि सकाळी सगळ्यात जोरात हसलेला पोरगा आपली वायर घेऊन त्यांच्याजवळ गेला, काकू मलाही वळून दाखवा न.

जाताना ताई दाराशी थांबल्या, वही उघडून विचारलं, होल्डर एक, बल्ब 100 वॅटचा, सॉकेट, स्विच, अजून काय लागते सर? माह्या पोराले घरी शिकवाचं हाय.